खालून कापलेली गोधडी

बातमी जागेपेक्षा लांब झाली की खालून कापायची, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. बातमीत महत्त्वाचं असतं ते वर. खाली जावं तसतसा पालापाचोळा. खालचं उडवलं तर कुणाचं काही बिघडत नाही. लिहिणाऱ्याचं बिघडतं, पण तो विचारात घेण्याचा विषय नाही. उभी हयात वर्तमानपत्राच्या टेबलावर मी हा नियम पाळला. भाषणं कापली, परीक्षणं कापली, एकदा आमच्याच संपादकांचा अग्रलेख कापला आणि दुसऱ्या दिवशी तो त्यांना स्वतःलाच जास्त आवडला. हे आधी सांगण्याचं कारण एवढंच, की पुढे जे घडलं ते माझ्या धांदरटपणामुळे घडलं असं जे घरात बोललं जातं, ते वस्तुस्थितीला धरून नाही. ते शिस्तीमुळे घडलं.

आमच्या रविवारच्या पुरवणीत एक बाई हस्तकलेवर सदर लिहितात. ऑफिसात सगळे त्यांना हस्तकलाबाईच म्हणतात. त्यांचा लेख वेळेवर आला, असं कधी झालेलं नाही. फोन करावा, तर पलीकडून अत्यंत शांत आवाजात उत्तर येतं, "झाला की देते." माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांमध्ये या वाक्याचा वाटा मोठा आहे. त्या आठवड्यात त्यांनी लिहिलं होतं ते असं, की हाताने वस्तू करताना घाई करू नये, पसारा मांडतानाच आवरत जावं, एका वेळी एकच काम हातात घ्यावं, अस्तराचं कापड आधी धुवावं आणि मग मोजावं. शेवटच्या परिच्छेदातही काहीतरी होतं. पण ऐन वेळी खाली गाद्यांची जाहिरात आली, तेव्हा मी तो परिच्छेद उडवला आणि लेख सुटसुटीत झाला.

त्याच दिवशी मुलीचा फोन आला. तिला बाळ होणार हे आम्हाला ठाऊक होतंच. आता येत्या रविवारी ती महिनाभर राहायला येणार होती. बायकोने लगेच दुकानातून काय काय आणायचं ते बोलायला सुरुवात केली.

"बाळाची गोधडी मी करणार," मी म्हणालो. "स्वतःच्या हाताने. घरातल्या सगळ्यांच्या जुन्या कपड्यांची."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिचं हसणं तसं मोठं नसतं, पण थांबत नाही.

"अहो, मागे शर्टाचं बटण तुटलं तर तुम्ही ते स्टेपलरने लावलंत."

"ती तात्पुरती व्यवस्था होती."

"दोन महिने?"

"गोधडी म्हणजे काय असतं?" मी मुद्द्यावर आलो. "चौकोन. पान लावतो मी रोज, तेही चौकोनच असतात. पान रोज वेळेत लागतं, गोधडी रविवारपर्यंत लागेल."

सासूबाई आमच्याकडेच राहतात. त्या उठल्या, आपल्या खोलीत गेल्या आणि एक शर्ट घेऊन आल्या. सासऱ्यांचा. निळ्या चौकड्यांचा, धुऊन धुऊन मऊ झालेला, खिशाखाली शाईचा मोठा डाग. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. बाकीचे कपडे कधीच वाटले गेले. हा एक शर्ट सासूबाईंनी ठेवला होता, हे मला तेव्हाच कळलं.

"खिशाचा तुकडा घ्या," त्या म्हणाल्या. "डागासकट. पेनाचं टोपण लावायचं कधी लक्षात राहिलं नाही ह्यांच्या. पणतवंडाला कळू दे, पणजोबा कसे होते ते. पण जावईबापू, ह्यांचा हा एकच आहे हं. दुसरा नाही."

"आई, तुम्ही निर्धास्त राहा," मी म्हणालो. वाचकांनी हे वाक्य लक्षात ठेवावं.

शिवायला मशीन हवं. मेहुण्याकडे एक जुनं पायमशीन पडून होतं, ते त्याने आनंदाने दिलं. इतक्या आनंदाने की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. ते घेऊन टेम्पो आमच्या इमारतीखाली आला आणि लिफ्टच्या दाराशी सोसायटीचे सेक्रेटरी उभे राहिले. सेक्रेटरी आमच्या बरोब्बर खालच्या फ्लॅटमध्ये राहतात. गृहस्थ वाईट नाहीत. फक्त त्यांना विचारल्याशिवाय काही घडलं की त्यांना ते घडलं असं वाटत नाही.

"हे फर्निचर की यंत्र?" त्यांनी विचारलं.

"शिवणयंत्र."

"म्हणजे यंत्र. यंत्राला समितीची परवानगी लागते. फर्निचर असतं तर नुसतं माझ्याकडे नोंदवून चाललं असतं."

"मग फर्निचर समजा. वरून टेबलच आहे."

"खाली चाक आहे ना पण!"

चाकाच्या मुद्द्यावर समितीची बैठक जिन्यातच झाली. समिती म्हणजे सेक्रेटरी आणि समोरच्या फ्लॅटमधले निवृत्त इंजिनिअर. इंजिनिअरांनी आयुष्यभर पूल बांधले. निवृत्तीनंतर बांधायला काही नाही म्हणून ते सल्ले देतात. त्यांनी मशीनचं वजन, लिफ्टची ताकद आणि माझी तब्येत यांचा एकत्र विचार करून परवानगी दिली. सेक्रेटरींनी तिला अटी जोडल्या. दुपारच्या झोपेच्या वेळी मशीन चालवायचं नाही, आणि पायांखाली जाड काहीतरी घालायचं, म्हणजे खाली त्यांच्या डोक्यावर खडखडाट होणार नाही.

जाड काहीतरी म्हणून मी आमच्या वर्तमानपत्राचे जुने अंक घातले. आमच्या पेपराचा दर्जा घसरलाय असं लोक म्हणतात, ते मी कधी मानलं नव्हतं. फरशीवर मात्र तो घसरला. मशीन चालवताना दर दोन टाक्यांना इंचभर भिंतीकडे सरकायचं आणि मी स्टुलासकट त्याच्या मागे.

कपडे गोळा करायला मी कपाटं उघडली. घाई होती, हे मान्य. मुलीचा फ्रॉक, बायको शाळेत शिकवायला जायची तेव्हाचं तिचं स्वेटर, माझा पहिल्या नोकरीतला कोट. इस्त्रीवाल्याचं गाठोडं दारात होतं, त्यात एक राखाडी पँट मिळाली. उत्तम कापड. ती मला घट्ट होत होती, म्हणजे जुनी माझीच, असा मी निष्कर्ष काढला. माहिती दोन ठिकाणांहून तपासल्याशिवाय छापायची नाही हा आमचा दुसरा नियम. पण पँटबाबत दुसरं ठिकाण शोधायला वेळ नव्हता. कचाकच चौकोन कापले. खिशाचा तुकडा फारच देखणा निघाला.

मग पान लावायला घेतलं. बैठकीच्या खोलीत फर्निचर भिंतीला लावलं आणि जमिनीवर सगळे चौकोन मांडले. वर डाव्या हाताला लीड, म्हणजे पानाची मुख्य बातमी: मुलीचा फ्रॉक. मधोमध चौकटीत राखाडी खिसा. आणि सासऱ्यांचा खिसा सगळ्यात खालच्या ओळीत, मध्यभागी. हे मुद्दाम. पहिल्या पानाच्या तळाशी जी सगळ्यात वाचनीय, माणसाच्या काळजाला हात घालणारी बातमी असते, तिला आम्ही अँकर म्हणतो. ती जागा मानाची असते.

"ह्यांना पायाशी का घातलंत?" सासूबाईंनी विचारलं. मी अँकरचं महत्त्व समजावलं. त्यांनी ते ऐकलं. पटलं असं म्हणाल्या नाहीत.

घरातले सगळे भिंतीला पाठ लावून कडेकडेने चालत होते. सासूबाई तर स्वयंपाकघरातून आपल्या खोलीत जायला मागच्या गॅलरीतून जाऊ लागल्या. बायको म्हणाली, "अहो, ओळीओळीने गोळा करून टाचण्या तरी लावून ठेवा."

"पान अजून फायनल नाही," मी म्हणालो.

तेवढ्यात इंजिनिअर आले. दारात उभे राहून त्यांनी एक डोळा मिटून गोधडी पाहिली.

"मधून सुरुवात करा. पुलाचं असंच असतं. भार मध्यावर."

"यावर फक्त बाळ झोपणार आहे."

"आज बाळ. उद्या?" ते म्हणाले आणि आत येऊन, जणू ते त्यांचंच घर, म्हणाले, "किती उकडतंय हो तुमच्याकडे!"

त्यांनी पंखा पूर्ण वेगाने लावला.

पुढचं मी थोडक्यात सांगतो. लीड सोफ्याखाली गेली. मधली चौकट इंजिनिअरांच्या चष्म्यावर बसली. अँकर उडाला तो थेट सासूबाईंच्या मांडीवर जाऊन पडला, आणि त्यांनी तो हलकेच हाताने सरळ केला. "तुम्हालाही पायाशी नाही आवडलं ना," असं त्या कुणालातरी म्हणाल्या. मला नव्हे.

पुन्हा सगळं मांडलं, पुन्हा अँकर तळाशी. अनेक वर्षांचा अनुभव असा एका पंख्यापायी सोडून द्यायचा नसतो.

शिवण जोरात सुरू झाली. टाके सरळ येत नव्हते, पण वेगात येत होते. त्याच सुमारास ऑफिसला जाताना खाली सोसायटीच्या फलकावर मला एक सूचना दिसली. "एक राखाडी पँट इस्त्रीहून परत येताना गहाळ झाली असून सदर पँट ज्या कुणाकडे असल्यास त्यांनी ताबडतोब." वाक्य अर्धवट होतं. मी सवयीने खिशातून लाल पेन काढलं, "ज्या कुणाकडे असल्यास"चं "कुणाकडे असल्यास" केलं, शेवटी "परत करावी" जोडलं, खाली सेक्रेटरींची सही होती तिच्यावरची रेघ सरळ केली आणि समाधानाने ऑफिसला गेलो. सहीचा आणि पँटचा संबंध माझ्या लक्षात बसमध्ये आला.

संध्याकाळी मी मशीनवर बसलो होतो तो हा विचार करत, की कसं सांगावं. बेल वाजली. बायको बाहेर गेली होती, सासूबाई झोपल्या होत्या. मी लगबगीने उठलो, दार उघडलं. सेक्रेटरी होते.

"माझ्या सूचनेत लाल पेनाने ढवळाढवळ कुणी केली याची मी चौकशी करतोय," ते म्हणाले. मग त्यांची नजर खाली गेली. माझीही गेली. विचारांच्या नादात मी माझ्या शर्टाचं पुढचं टोक गोधडीला शिवून टाकलं होतं. पोटापासून जमिनीपर्यंत अख्खी गोधडी माझ्यासमोर लोंबत होती, एखाद्या दुकानात मांडल्यासारखी. आणि मधोमध, मानाच्या चौकटीत, राखाडी खिसा. त्याच्या कडेला इस्त्रीवाल्याची खूण.

सेक्रेटरी खाली वाकले. मग त्यांनी खिशात हात घातला. स्वतःच्या नव्हे, गोधडीतल्या. आतून बसचं जुनं तिकीट निघालं.

"हे माझं तिकीट."

"मी खुलासा करू शकतो," मी म्हणालो.

"उरलेली पँट कुठेय?"

मी आणून दिली. एक पाय शाबूत होता. त्यांनी तो उंच धरून पाहिला.

"आता हा पाय घालून मी काय लंगडी खेळू?"

माझ्यासारख्या जबाबदार माणसाला स्वतःच्या दारात, स्वतःच्या गोधडीला शिवलेल्या अवस्थेत, क्षमा मागावी लागली. पुढे पाऊल टाकून हात जोडावेत तर गोधडी पायात येत होती. अखेर तडजोड झाली. कबुतरांच्या उपद्रवावर सेक्रेटरी वर्षानुवर्षं आमच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात पत्र पाठवतात आणि मी वर्षानुवर्षं ते खालून कापतो. यापुढे ते पूर्ण छापायचं. "एकही ओळ न कापता," ते म्हणाले. "शेवटच्या ओळीत माझा उपाय असतो. तो आजवर जगापुढे आलाच नाही."

खिसा परत हवा का, असं मी विचारलं. ते जिन्यापर्यंत गेले, थांबले.

"राहू दे. नातवंडाला काहीबाही ठेवायला खिसा लागतोच. तिकीट पण असू दे आत." आणि दोन पायऱ्या उतरून पुन्हा वळले. "पायाखाली जाड काहीतरी घाला हो त्या मशीनच्या! पेपराने काही होत नाही."

शनिवारी अस्तर लावायला घेतलं. अस्तर म्हणजे एक जुनी मऊ चादर. ती आधी धुवावी आणि मग मोजावी असं हस्तकलाबाईंनी लिहिलं होतं आणि मीच छापलं होतं. पण वेळ वाचवण्यासाठी मी आधी मोजली, आणि ती धुण्यात असताना तेवढ्या मापाने गोधडी पुरी केली. चादर वाळून आली ती आटून. गोधडी तिच्याहून बरोबर एका ओळीने लांब.

इथे विचार करायला हवा होता, असं आता सगळे म्हणतात. पण मजकूर जागेपेक्षा लांब झाला की हात आपोआप चालतो. मी कात्री घेतली आणि खालून कापलं.

अस्तर चपखल बसलं. उरलेली पट्टी बाजूला पडली होती. त्यानंतर मशीन पुन्हा खडखडलं, खालून सेक्रेटरींनी काठीने छत ठोकलं, मी काहीतरी करून तो आवाज बंद केला आणि शिवत राहिलो. कडा तेवढ्या राहिल्या.

रविवारी सकाळी सासूबाई आल्या, चष्मा लावला, गोधडी हातात घेतली आणि खालच्या काठावरून हात फिरवला. एकदा. मग पुन्हा उलट दिशेने.

"ह्यांचा खिसा कुठेय?"

मी गोधडीकडे पाहिलं. तळाशी माझा कोट होता.

"इथेच," मी म्हणालो, कारण काहीतरी म्हणणं भाग होतं.

सासूबाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "शोधा बरं. सापडेल."

मी सोफा उलटा केला. कपाटं रिकामी केली. बायकोने कचऱ्याची पिशवी उपसली. इंजिनिअर आवाज ऐकून आले आणि वस्तू हरवण्यामागचं शास्त्र सांगू लागले. त्यांना बायकोने आवरायला लावलं. मुलीची गाडी निघाल्याचा निरोप आला. तेवढ्यात फोन वाजला. हस्तकलाबाई. चुकवावा तर त्या सहसा फोन करत नाहीत.

"माझा शेवटचा परिच्छेद कापलात," त्या शांतपणे म्हणाल्या.

"बाई, इथे मी संकटात आहे. गोधडीतला एक तुकडा सापडत नाहीये."

"तुम्ही गोधडी करताय?" पलीकडे जरासं खोकणं. ते हसू दाबणं होतं, हे मी ओळखलं. "मग तो परिच्छेद तुमच्यासाठीच होता. बसा आधी."

"बसायला वेळ नाही."

"बसा."

मी मशीनच्या स्टुलावर बसलो.

"काही हरवलं तर घर उलथंपालथं करू नका, असं लिहिलं होतं मी. जिथे बसून काम करत होता तिथेच पुन्हा बसा. हात रिकामे ठेवा. आधी अंगावर बघा, मग मांडीवर, मग पायाखाली. शिवणाऱ्याची वस्तू त्याच्यापासून लांब जात नाही. तो स्वतःच फार लांब पळत जातो."

अंगावर काही नव्हतं. मांडीवर नव्हतं. मी खाली वाकलो.

मशीनच्या पुढच्या दोन पायांखाली, जाड काहीतरी म्हणून, एक घडी केलेली पट्टी होती. तिच्या कडेतून निळ्या चौकड्या डोकावत होत्या. आदल्या दिवसापासून मी सासऱ्यांना मशीनखाली चेपून त्यांच्याच पणतवंडाची गोधडी शिवत होतो.

मशीन उचलायला सगळे धावले. इंजिनिअरांनी "एक, दोन, तीन" म्हटलं. तेवढाच त्यांचा पुलाचा अनुभव कामी आला. मी पट्टी काढली, झटकली. खिसा शाबूत होता, फक्त मशीनच्या पायाचे दोन गोल वळ उठले होते, शाईच्या डागाच्या बाजूला. मी ती पट्टी सासूबाईंसमोर धरली. आता या दारातून बाहेर काढतात की गॅलरीतून, एवढाच प्रश्न होता.

त्यांनी ते वळ बोटाने चाचपले.

"ह्यांनी एका डागावर भागवलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोन केलेत." आणि त्या हसायला लागल्या. त्यांचं ते हसणं मी बायकोकडे पाहिलं होतं. ते कुठून आलं हे त्या दिवशी कळलं. डोळे पुसायला त्यांनी तोच तुकडा वापरला.

मुलगी आली तेव्हा घरात बसायला जागा नव्हती. सोफा अजून उलटाच होता. ती दारात उभी राहून सगळ्या पसाऱ्याकडे बघत म्हणाली, "चोरी झाली का?"

"बाबा शिवतायत," बायको म्हणाली.

आता मी हस्तकलाबाईंच्या सांगण्याप्रमाणे वागलो. आधी पसारा आवरला. टाचण्या डबीत, दोरे दुसऱ्या डबीत, उरलेले तुकडे चवड लावून. मग बसून मी शिवलेलं सगळं, अस्तरासकट, उसवायला घेतलं, एकेक टाका. मुलीने दुसऱ्या टोकाने उसवायला सुरुवात केली, बायकोने तिसऱ्या. सासूबाईंनी निळा खिसा आपल्याकडे ठेवला. तो त्या हातानेच शिवणार होत्या, मशीनला त्याच्या जवळपास फिरकू द्यायचं नव्हतं. कुठे लावायचा यावर मी अँकरचा मुद्दा पुन्हा मांडून पाहिला. एकमताने फेटाळला गेला. तो मधोमध, सेक्रेटरींच्या खिशाच्या शेजारी लागणार असं ठरलं. त्या दोघांची हयातीत ओळख नव्हती, पण सासूबाईंच्या मते सासऱ्यांनाही सूचना लिहायची फार हौस होती.

खालून काठीचा आवाज आला नाही. उलट थोड्या वेळाने सेक्रेटरीच वर आले, आवाज का येत नाही याची चौकशी करायला. त्यांना उसवायला चौथं टोक दिलं. ते उसवता उसवता कबुतरांवरचा आपला उपाय सांगू लागले, सुरुवातीपासून. तो खरोखरच शेवटच्या ओळीत होता आणि, हे कबूल करायला हवं, चांगला होता.

दुपार कशी गेली कळलं नाही. गोधडीचे पुन्हा सुटे चौकोन झाले होते. म्हणजे हिशेबाने पाहिलं तर मी जिथून सुरुवात केली तिथेच होतो, फक्त आता शेजारी माणसं होती. मुलगी पाय पसरून बसली होती. पोटावर तिने तिचाच जुना फ्रॉक ठेवला होता, चौकोनभर.

"बाबा," ती म्हणाली, "कधी होणार ही?"

मी सुईत दोरा ओवत होतो. सावकाश, चष्मा नाकावर घेऊन. दोरा गेला. मी त्याला गाठ मारली, ओढून पाहिली, आणि मग म्हणालो,

"झाली की देतो."